पाऊण सेकंदाचा थांबा

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायची आणि ती दुधाळ होताना बघायची. हा प्रयोग न केलेला विद्यार्थी डोंबिवलीत शोधून सापडायचा नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरतो, चुन्याशी संयोग पावतो, पांढरा साका तळाशी बसतो. परीक्षेत त्याचे दोन गुण मिळत. पण त्या प्रयोगातला एक प्रश्न मास्तरांनी कधी विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही: हा वायू आधी रक्तातून फुप्फुसात आला कसा, आणि मुख्य म्हणजे, वेळेवर कसा आला?

वेळेचा हा प्रश्न मला पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला. लोकलने जाणाऱ्या माणसाला तो वाटणारच. फास्ट गाडी ठाण्याला थांबते जेमतेम अर्धा मिनिट, आणि तेवढ्यात काहीशे माणसं उतरतात, काहीशे चढतात. फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्ताचा थांबा याहून पुष्कळ तोकडा आहे. आपण शांत बसलो असताना तांबडी रक्तपेशी तिथे साधारण पाऊण सेकंद असते. जिना चढून धावत गाडी पकडली, तर त्याहूनही कमी. तेवढ्यात प्राणवायू चढायला हवा आणि कार्बन डायऑक्साइड उतरायला हवा.

अडचण अशी की हा वायू रक्तात वायूच्या रूपात फारसा नसतोच. त्याचा सुमारे 70 टक्के भाग बायकार्बोनेट म्हणून विरघळलेला असतो, वीसेक टक्के हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो आणि उरलेला थोडा तसाच पाण्यात असतो. म्हणजे पेशींकडून निघताना वायूचं बायकार्बोनेट व्हायला हवं आणि फुप्फुसाशी पोचल्यावर बायकार्बोनेटचा पुन्हा वायू. साध्या पाण्यात ही उलटसुलट आपसूक होते, पण तिला कित्येक सेकंद लागतात. तोवर रक्त फुप्फुस सोडून हृदयाकडे निघालेलं असतं. उतारू डब्यातच राहिले.

1928 मध्ये कोपनहेगनच्या हेन्रिक्सने हा हिशेब मांडला तेव्हा दोनच शक्यता उरल्या. एक तर वायू हिमोग्लोबिनला थेट चिकटत असेल, नाहीतर रक्तात हे काम भरभर करून देणारं काहीतरी असेल. गंमत म्हणजे दोन्ही खरं निघालं. चिकटण्याचा भाग लहान, भरभर करण्याचा भाग मोठा. केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रॉटन यांनी 1932-33 मध्ये तांबड्या पेशींतून ते विकर वेगळं केलं, आणि त्याच सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये स्टॅडी आणि ओब्रायन याच जागी स्वतंत्रपणे पोचले. नाव पडलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज. 1939-40 मध्ये कायलिन आणि मान यांना त्यात जस्त सापडलं. पत्र्याच्या बादलीवर चढवतात तेच जस्त. विकराच्या प्रत्येक रेणूत त्याचा एकच अणू असतो. जस्त हा सजीवाच्या यंत्राचा खरोखर चालणारा भाग असतो, हे त्यामुळे पहिल्यांदा ठाम झालं.

काम कसं चालतं, हे डोंबिवली स्टेशनावर उभं राहून समजावता येतं. विकराच्या खोबणीत हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या तीन कड्यांनी धरून ठेवलेला जस्ताचा अणू पाण्याचा एक रेणू जवळ ओढतो आणि त्यातला एक प्रोटॉन सुटा करतो. उरलेला हायड्रॉक्साइड आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो, बायकार्बोनेट तयार होतं, ते बाहेर पडतं, पाण्याचा नवा रेणू आत येतो. या साखळीतला सर्वांत मंद टप्पा कोणता? वायू पकडणं नव्हे, बायकार्बोनेट सोडणंही नव्हे. सुटा झालेला तो प्रोटॉन बाहेर काढणं. आत जागा आहे, पण दारातला माणूस हलत नाही, हा आपल्या ओळखीचाच प्रकार. आपल्या पेशींतल्या सर्वांत चपळ प्रकारात, म्हणजे क्रमांक दोनमध्ये, 64व्या जागेवर आणखी एक हिस्टिडिन आहे. त्याचं काम दारात उभं राहून प्रोटॉन बाहेर ढकलत राहणं. त्यामुळे एक रेणू सेकंदाला सुमारे 10 लाख वेळा हे काम उरकतो. ठाऊक असलेल्या विकरांत इतक्या वेगाची फार थोडी आहेत.

इथे थोडं थांबून एक गैरसमज बाजूला करतो. 2020 मध्ये करोनाच्या काळात जस्ताच्या गोळ्या घरोघरी पोचल्या, आणि ‘जस्त वाढलं की हे विकर वाढतं, मग श्वास सुधारतो’ असंही ऐकवणारे भेटले. तसं नाही. तांबड्या पेशीत या विकराचा साठा गरजेहून कितीतरी जास्त असतो. त्यातलं 99 टक्क्यांहून अधिक विकर बंद पाडलं, तेव्हा कुठे वायूची वाहतूक अडखळू लागते. ज्याच्याकडे जस्ताची कमतरता नाही, त्याने वर आणखी जस्त खाऊन या बाबतीत काही पदरात पडत नाही.

या विकराचा औषधांशी संबंध आला तो मात्र एका अपघातातून. 1930च्या दशकात सल्फा औषधं नवी होती. ती घेणारे काही रुग्ण जोरजोरात श्वास घेऊ लागत, त्यांचं रक्त आम्लाकडे झुकत असे. 1937 मध्ये साउथवर्थने हे टिपलं. तीनेक वर्षांनी मान आणि कायलिन यांनी दाखवलं की सल्फानिलामाइड नेमकं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजला अडवतं. ते त्याच्या जस्तावर जाऊन बसतं. 1949 मध्ये बोस्टनच्या श्वार्ट्झने हाच दोष कामाला लावला. मूत्रपिंडातलं विकर अडवलं की मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर जातं, म्हणून हृदय थकून अंगावर सूज आलेल्या रुग्णांना त्याने सल्फानिलामाइड दिलं. पाठोपाठ रॉब्लिन आणि क्लॅप यांनी याच कुळातलं कितीतरी अधिक जोरकस रसायन बनवलं, अ‍ॅसिटाझोलामाइड. दुकानात ते डायमॉक्स या नावाने मिळतं.

इथून एक फांदी फुटते ती फार कमी लोकांना माहीत असते. लघवीचं याहून चांगलं औषध शोधताना अमेरिकेतल्या मर्क कंपनीतल्या बायर, स्प्रेग, नोव्हेलो यांच्या गटाने याच रेणूंवर खटपट केली आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायाझाइड पुढे आलं. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड. रक्तदाबाच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ असेल, तर बहुधा तो हाच. टिळकनगरच्या आजोबांच्या सकाळच्या डबीत आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकूंच्या पर्समध्ये तो असतो. म्हणजे रक्तातल्या या विकराला आपल्या ओळखीत कोणी ना कोणी रोज भेटतं, भले पुसट नात्याने. थायाझाइडचं काम मुख्यत्वे दुसऱ्या ठिकाणी चालतं, पण वंशावळ तीच.

डोळ्यांत या विकराचं काम वेगळं. डोळ्याच्या आतलं पाणी बनवायला बायकार्बोनेट लागतं, ते बनलं नाही की दाब उतरतो. 1954 मध्ये बेकरने काचबिंदूत अ‍ॅसिटाझोलामाइड वापरलं. गोळी पोटातून सगळ्या अंगभर जाते, म्हणून त्रासही अंगभर: बोटांत मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, सारखी लघवी, कधी मूतखडा. जस्तावरच बसणारं, पण थेंबाने डोळ्यात टाकता येईल असं औषध बनवायला चाळीस वर्षं गेली. डॉर्झोलामाइड 1990च्या दशकाच्या मध्याला आलं, ब्रिन्झोलामाइड त्यानंतर थोड्याच काळात. दाब वाढला की दृष्टीच्या कडा हळूहळू गळतात आणि माणसाला कळतसुद्धा नाही, म्हणून तपासणीला जावं लागतं. थेंब टाकणाऱ्याला आज बोटांच्या मुंग्या सोसाव्या लागत नाहीत, ही या दीर्घ खटाटोपाची कमाई.

डायमॉक्सची आपल्याकडे सर्वांत जास्त चर्चा मात्र दवाखान्यात होत नाही, होते ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ठाणे-डोंबिवली-कल्याणमधून दर वर्षी किती माणसं लेह, रूपकुंडाचा परिसर, एव्हरेस्ट बेस कॅम्प इथे जातात, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. पण सामानाच्या यादीत टॉर्च, पॉन्चो आणि डायमॉक्स या क्रमाने तो शब्द येतो. कळसूबाईला, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराला (1646 मीटर), त्याची काडीचीही गरज नाही. हरिश्चंद्रगडावर दम लागला तर दोष उंचीचा नसतो. लेह 3500 मीटरच्या आसपास आहे, आणि मुंबईहून थेट विमानाने तिथे उतरणाऱ्याचं शरीर अजून समुद्रसपाटीलाच असतं.

उंचीवर नेमकं काय होतं, याचा मोठा धडा भारतीय सैन्याने दिला. 1962 च्या युद्धात सखल भागातले जवान झपाट्याने हिमालयात नेण्यात आले. त्यांच्यापैकी 1925 जणांच्या पर्वतीय आजाराचा अहवाल इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. जगभर आजही त्याचा दाखला दिला जातो. उंचीवर प्राणवायू कमी, म्हणून माणूस जोरजोरात श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकून हा लगाम सैल करतात, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. डायमॉक्स ते काम आधीच उरकवतं. श्वास मोकळा राहतो, झोप तुटत नाही. 1976 मध्ये हॅकेट आणि रेनी यांनी नेपाळमधल्या फेरिचे गावात ट्रेकरांवर याचा उपयोग तपासला. आज डॉक्टर बहुधा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात, पूर्वी याहून जास्त देत. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायला हवं.

एवढं सांगून मला एक तक्रारही नोंदवायची आहे. या गोळीचा अर्थ ‘आता चढा’ असा लावला जातो. चढाई हळू करणं हाच मुख्य उपाय, गोळी त्याला जोड. विमानाने एका दिवसात उतरून दुसऱ्या दिवशी खारदुंगला पास गाठायचा आणि वर गोळी घ्यायची, हा आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाचा दोष आहे. शरीराचा नाही.

गोळी घेऊन वर गेलेला आमच्या ओळखीतला एक जण परत आला तेव्हा त्याने सांगितलं, वर सगळं बरं वाटलं, पण कोल्ड ड्रिंक अगदी बेचव लागलं. त्याला वाटलं मालच शिळा. माल शिळा नव्हता. सोड्याचा तो झणका बुडबुड्यांचा असतो असं आपण समजतो, पण जिभेवर आंबट चव ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजचा एक प्रकार, क्रमांक चार, बसलेला असतो. तो विरघळलेला वायू जागच्या जागी आम्लात बदलतो आणि ते आम्ल पेशीला टोचतं. 2009 मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं. डायमॉक्स हे विकर अडवतं, म्हणून झणका जातो. गिर्यारोहकांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती. 1988 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात यावर ‘शॅम्पेन ब्लूज’ असा मथळा आला होता. शिखर सर केल्याचा जल्लोष, आणि पेयाला चव नाही. आपल्याकडच्या गोटी सोड्यालाही हाच न्याय. गोटी दाबली की फस्स होतं ते दाबाने, जिभेला झणका बसतो तो विकरामुळे.

माणसात या विकराचे पंधराच्या आसपास प्रकार आहेत आणि त्यातले काही काम करतच नाहीत, नुसते दिसायला तसे असतात. प्रकार दोन जन्मतःच नसलेली मुलं असतात, फार विरळ. 1983 मध्ये विल्यम स्लाय यांच्या गटाने हा दोष ओळखला. नातलगांत लग्नं होतात अशा घराण्यांत तो अधिक आढळला आहे. या मुलांची हाडं दगडासारखी दाट होतात, मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकू शकत नाही, मेंदूत कॅल्शियम साठतं. श्वास मात्र ठीक असतो, कारण तांबड्या पेशीत प्रकार एक शिल्लक असतो. हाडांचं कारण मला आवडलं. हाड सतत मोडलं आणि बांधलं जातं, आणि मोडणाऱ्या पेशीला त्यासाठी आम्ल लागतं. ते आम्ल पुरवणारं विकर नसेल, तर मोडणं थांबतं आणि बांधणं सुरूच राहतं. श्वासाचा हिशेब लावताना सापडलेल्या विकराची उणीव अशी हाडांत उघडी पडते.

प्रकार नऊ कर्करोगाशी जोडला जातो, कारण प्राणवायू कमी असलेल्या गाठीत तो वाढतो. त्यावर चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने मूत्रपिंडाची गाठ स्कॅनवर दाखवायचे प्रयत्न बरेच पुढे गेले आहेत. त्याला अडवून कर्करोग बरा करायच्या गोष्टी अजून चाचण्यांतच आहेत.

हे सगळं माणसाविषयी झालं, पण हे विकर आपल्याहून जुनं आहे. पानात आहे, जीवाणूत आहे, ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात आहे. 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या या खाडीत फ्लेमिंगो येतात ते शेवाळ आणि बारीक जीव खायला. त्याच पाण्यात डायटम नावाचे काचेसारख्या कवचाचे एकपेशीय जीव वाढतात. समुद्रात जस्त फार कमी असेल, तर डायटमांचा एक प्रकार जस्ताच्या जागी कॅडमियम वापरतो. हे 2000 मध्ये कळलं. आपल्याला विष असलेला धातू कोणाच्या तरी विकराचा गाभा आहे, आणि असा उपयोग इतरत्र आजवर सापडलेला नाही.

खेकड्याचंही बघा. पावसाळ्यात खाडीचं खारेपण उतरतं, तेव्हा खाऱ्यातून निमखाऱ्या पाण्यात आलेल्या खेकड्याच्या कल्ल्यांतलं हे विकर वाढतं, कारण पाण्यातून मीठ ओढून घ्यायचं काम त्यावर चालतं. अमेरिकेतल्या किनाऱ्यांवरच्या खेकड्यांवर याचा अभ्यास झाला आहे. चेंदणी कोळीवाड्यात बाजार मांडणाऱ्या मावशीला कोणते खेकडे कधी भरलेले असतात हे ठाऊक असतं, रेणूचं नाव ठाऊक असायची गरज नाही. शिंपल्यातसुद्धा तेच. जपानमधल्या मोत्याच्या शिंपल्यात ‘नेक्रीन’ हे प्रथिन 1996 मध्ये सापडलं, त्यात या विकराचाच एक भाग गुंफलेला आहे. शिंपल्याचं कवच म्हणजे चुनखडीच, आणि ती बनवताना समुद्राच्या पाण्यातलं बायकार्बोनेट वापरलं जातं. शाळेत फुंकर मारून केला तोच प्रयोग शिंपला आयुष्यभर करत असतो. कोंबडीही करते. अंड्याच्या कवचात चारपाच ग्रॅम चुनखडी असते आणि ती एका रात्रीत घालायची असते. 1944 मध्ये सल्फानिलामाइड दिलेल्या कोंबड्यांनी पातळ कवचाची अंडी घातल्याचं आढळलं. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट कमी पडतं. मे महिन्यात कल्याणच्या बाजारात अंडी हातात घेताच तडकतात, तेव्हा दोष वाहतुकीचाच असेल असं नाही.

मग साहजिकच प्रश्न येतो: हेच विकर धुराड्यावर बसवलं तर? ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा वीजघर होतं. 1929 च्या सुमारास सुरू झालेलं, कोळशावर चालणारं, लोकल गाड्यांना वीज देणारं. ते कधीच बंद झालं, पण त्याच्या चिमण्या लहानपणी बघितलेली माणसं अजून आहेत. अशा धुरातून वायू काढून त्याचा दगड करावा, ही कल्पना गेली पंचवीस वर्षं फिरते आहे. नागपूरच्या नीरीमध्ये साधना रायलू आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या सुमारास यावर बरंच काम केलं. आपल्याच भागातल्या जीवाणूंतून विकर घ्यायचं, ते कायटोसानच्या गोळ्यांवर पक्कं बसवायचं, म्हणजे धुऊन पुन्हा वापरता येईल, आणि वायूचं कॅल्शियम कार्बोनेट करायचं. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून मिळतं. तेच टरफल आपल्या बाजारात ढिगाने पडतं, सडतं आणि खाडीत जातं. ही सांगड मला एकदम घरची वाटली. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये याहून पुढे जाऊन एका लगदा गिरणीच्या धुरातला वायू पकडून शेजारच्या हरितगृहाला दिला गेला. तिथली कंपनी 2020 मध्ये इटलीच्या सायपेमने घेतली. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या एका चमूला 2021 मध्ये वायू पकडून त्याचे क्षार करण्याच्या कामासाठी एक्सप्राइझचं अडीच लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. म्हणजे या दिशेने आपल्या अंगणातही हालचाल आहे.

मला वाटतं, इथे विकराच्या वेगाची वाहवा जरा जास्त होते. रक्तात वेग हाच सगळा प्रश्न होता, कारण थांबा पाऊण सेकंदाचा. धुराड्यात वायू शोषणारा मनोरा आणखी उंच करता येतो, म्हणजे थांबा वाढवता येतो. तिथे प्रश्न दुसरेच येतात. धूर गरम, त्यात गंधकाचे अंश, आणि पकडलेला वायू पुन्हा सोडवायला उष्णता. साधं विकर तिथे उकडून जातं. 2014 मध्ये अमेरिकेत एका जीवाणूच्या विकरात टप्प्याटप्प्याने बदल करत 107 अंश सेल्सियसपर्यंत टिकणारं रूप मिळवलं गेलं, ही मोठी मजल. पण टिकणं आणि परवडणं यांत अंतर असतं.

दुसरा हिशेब अधिक सरळ आहे. एक टन कार्बन डायऑक्साइडपासून सव्वादोन टनांहून थोडी जास्त चुनखडी होते, पण त्यासाठी सुमारे 0.9 टन कॅल्शियम लागतं. ते आणायचं कुठून? चुना वापरला, तर तो चुनखडी भाजूनच केलेला असतो आणि भाजताना जेवढा वायू निघतो तेवढाच परत बांधला जातो. भट्टीला कोळसा लागला असेल तर वर तोटा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत 2011 च्या जनगणनेत मिळून 31 लाखांच्या आसपास माणसं होती आणि प्रत्येक जण रोज किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे ऐकून कोणी दचकतो. दचकायचं कारण नाही. तो भातातून आणि भाकरीतून आला, पिकांनी हवेतूनच घेतला होता. कोळशाचा कार्बन तसा नाही, तो जमिनीखालून आलेला, आणि त्याला परत बांधायला कॅल्शियम बाहेरूनच लागतं.

म्हणून संशोधकांची नजर आता विकरापेक्षा कच्च्या मालाकडे आहे. पोलाद कारखान्याची मळी, औष्णिक केंद्रांची राख, आणि मिठागरांतलं मीठ काढून उरलेलं कडू पाणी. भांडुप-मुलुंडच्या बाजूला अशी मिठागरं अजून दिसतात. त्या कडू पाण्यात कॅल्शियम मात्र फारसं नसतं, मीठ पडण्याआधीच ते जिप्समच्या रूपाने तळाशी बसलेलं असतं. उरतं ते मॅग्नेशियम, आणि त्याचं कार्बोनेट साध्या तापमानाला निर्जल घट्ट दगड न होता, पाणी धरून ठेवणारा भुसभुशीत पदार्थ होऊन बसतं. विकर बायकार्बोनेट झटपट तयार करून देतं, पण मॅग्नेशियमभोवतीचं हे पाणी सोडवण्याचं काम त्याच्याकडे नाही.